केसरबाई केरकर: तीन मिनिटांच्या तबकडीपासून घरभरच्या स्पीकरपर्यंत

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतं. गोव्याच्या एका गायिकेचा आवाज आज अंतराळात घुमतोय, नासानं तो तिथं वाजत ठेवलाय, वगैरे. गायिकेचं नाव बरोबर असतं, केसरबाई केरकर. बाकीचं अर्धं चूक. अंतराळात हवाच नाही, त्यामुळं तिथं काही घुमत नाही. जे गेलंय ती एक तबकडी आहे. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाखाली बंद. १९७७ पासून ती तशीच गप्प आहे. ती वाजायची तर कोणीतरी तिच्यावर सुई ठेवायला पाहिजे.

हा लेख मुळात त्या सुईबद्दलच लिहायचा होता. घरात जुन्या रेकॉर्ड आहेत, हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत वायरलेस स्पीकर आहेत, मग दोन्ही जोडायचं कसं? मी हिंगोलीत राहतो, प्रयोगासाठी हाताशी केसरबाईंची एक एलपी होती, तीच लावली. मग त्यांच्याबद्दल वाचत गेलो आणि लक्षात आलं की आपलं गाणं कुठं जावं, कोणाच्या कानावर कसं पडावं, हा विचार या बाईंनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त केला होता. म्हणून आधी त्यांची गोष्ट. वायरींचं मध्येच येईल, जिथं लागेल तिथं.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, केरी गावी. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडं होता. घर कलावंत समाजातलं. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या या समाजात मुलींच्या कानावर गाणं घरातच पडायचं, पण गाण्याला जेवढी दाद मिळायची तेवढा मान गाणारीला मिळायचा नाही. केसरबाईंचा पुढचा ताठपणा, मैफलीतल्या अटी, हे सगळं समजून घ्यायचं तर ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला आणलं आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडं शिकायला ठेवलं. ही तालीम आठ महिनेच चालली. मग परत गोवा. तिथं रामकृष्णबुवा वझे येऊन-जाऊन असायचे, ते आले की शिक्षण, गेले की खंड. सोळाव्या वर्षी आई आणि मामासोबत मुंबई गाठली. मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ, थोडे दिवस भास्करबुवा बखले. नावं एकाहून एक मोठी, पण सगळं तुकड्यातुकड्यात. आज आपण यूट्यूबवर पाच वेगवेगळ्या मास्तरांचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ बघून गिटार शिकतो ना, साधारण तशी गत. फरक एवढाच की त्यांना प्रत्येक तुकड्यासाठी गाव बदलावं लागायचं किंवा गुरूची वाट बघावी लागायची.

१९२१ साली त्या अल्लादिया खाँ यांच्याकडं शिकायला लागल्या. खाँसाहेब जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूर दरबारचे गायक, वय साठीच्या पुढं. तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज बिघडला होता, आणि उरलेल्या आवाजातून त्यांनी एक नवीनच गायकी उभी केली. लांब दमसास, खुला आकार, लयीला धरून चालणारी वळणावळणाची तान, सहसा कोणी न गाणारे राग. केसरबाई तेव्हा एकोणतिशीत होत्या. आतापर्यंतचं बरंचसं बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुढं अकरा वर्षं कडक तालीम घेतली. १९३० च्या सुमारास व्यावसायिक मैफली सुरू झाल्या तरी शिकणं थांबलं नाही. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत ते चालूच होतं. मोगूबाई कुर्डीकरही त्याच गुरूच्या शिष्या, त्याही गोव्याच्याच. दोघींची तुलना करणारे आजही भेटतील. मी त्यात पडत नाही.

तीन मिनिटं

आता रेकॉर्डकडं येऊ. केसरबाईंनी गायला सुरुवात केली त्या काळात रेकॉर्ड म्हणजे ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती प्लॅस्टिकची नसायची, लाखेची असायची. लाख हा एका किड्याचा चिकट स्राव, पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर मिळतो. होळीच्या आसपास आपल्याकडं माळावर पेटल्यासारखा दिसतो ना, तोच पळस. लाखेत दगडाची भुकटी मिसळून तबकडी दाबायचे. हातातून पडली की काचेसारखी फुटायची. आज ज्याला आपण व्हिनाइल म्हणतो ती एलपी १९४८ साली अमेरिकेत आली, भारतात रुळायला आणखी वेळ गेला.

दहा इंची ७८ च्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात, बारा इंचीवर चार-साडेचार. ज्या गायकीत एक राग तासभर उलगडत जातो तिच्यासाठी हे म्हणजे अख्खी वेबसिरीज एका रीलमध्ये बसवण्यासारखं. काही गायकांनी हे माध्यम मनापासून स्वीकारलं, भरपूर रेकॉर्ड काढल्या, गावोगाव पोचले. केसरबाईंनी तसं केलं नाही. आपलं गाणं कसल्या रूपात बाहेर जातंय याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन लेबलांवर त्यांच्या मोजक्याच ७८ निघाल्या. ललिता गौरी, नट कामोद असे राग त्यात आहेत. पुढं यातल्या काही एलपीवर एकत्र आल्या. मैफली मात्र चालू होत्या, संस्थानिक, शेठ-सावकार, जाणकार यांच्यासमोर.

याचा अर्थ असा की आज आपल्याकडं केसरबाई जेवढ्या आहेत त्या फार थोड्या आहेत. तासन्‌तासांच्या मैफली हवेत विरल्या, मागे राहिली ती तीन-तीन मिनिटं. म्हणून ती वाजवताना नीट वाजवावीत असं मला वाटतं. आणि नेमकं इथंच वायरलेसमध्ये बरंच काही बिघडू शकतं.

सुईपासून स्पीकरपर्यंत

रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरते आणि त्यातून वीज तयार होते. ती किती? साधारण ५ मिलिव्होल्ट. स्पीकरला जो नेहमीचा सिग्नल लागतो, ज्याला लाइन लेव्हल म्हणतात, तो याच्या शेकडो पट मोठा असतो. म्हणून मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. तो नुसता आवाज वाढवत नाही. खाच कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खर्जाच्या मोठ्या लाटा शेजारच्या खाचेत घुसतील. वरचे स्वर उलट वाढवलेले असतात, म्हणजे खरखर त्याखाली दबते. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं, ते काम प्रीअ‍ॅम्पचं. बऱ्याच नव्या टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असं बटण असतं. आत प्रीअ‍ॅम्प असेल तर बटण लाइनवर ठेवा. ते फोनोवर राहिलं आणि पुढं प्रीअ‍ॅम्प नसेल, तर केसरबाई डब्यातून गातायत असं वाटेल. दोन प्रीअ‍ॅम्प एकामागे एक लागले तर आवाज फाटेल.

ही जी उलटसुलट करायची मापं आहेत ती १९५० च्या दशकात सगळ्या कंपन्यांनी एकसारखी केली. त्याआधीच्या ७८ ला प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. आणि ७८ ची खाच एलपीपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते, मग आवाजापेक्षा खरखर जास्त. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते, ती लावा. आजोबांच्या पेटीत लाखेच्या रेकॉर्ड सापडल्या म्हणून लगेच नव्या टर्नटेबलवर ठेवू नका. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का हेही बघून घ्या, कित्येकांना नसतो.

पुढचा टप्पा वायरलेसचा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ब्लूटूथवालं टर्नटेबल. एका स्पीकरला जोडलं की झालं. पण ब्लूटूथ हे मुळात एका उपकरणाचं एकाशी बोलणं. बहुतेक स्मार्ट स्पीकरांमध्ये ब्लूटूथनं आलेला आवाज बाकीच्या खोल्यांतल्या ग्रुपला जात नाही, त्याच स्पीकरपुरता राहतो. विकत घेण्याआधी हे तपासा, जाहिरातीत ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. घरभर वाजवायचं तर वायफायवर चालणारे स्पीकर लागतात आणि त्यातल्या एकाला तरी लाइन-इन, म्हणजे बाहेरून वायर खोचायची जागा, पाहिजे. टर्नटेबल त्याला जोडायचं, मग तो स्पीकर आवाजाचं डिजिटल रूप करून बाकीच्यांना पाठवतो. हे चांगलं चालतं, पण महाग पडतं.

मी जे केलंय ते स्वस्तातलं. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबी साउंड कार्ड, साउंड कार्डला टर्नटेबल. पायवर स्नॅपकास्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर. आणि खोल्यांमध्ये? जुने अँड्रॉइड फोन. स्क्रीन फुटलेला, बॅटरी थकलेला, ड्रॉवरमध्ये पडलेला फोन चार्जरला लावून ठेवायचा, त्यावर स्नॅपकास्टचं अ‍ॅप टाकायचं आणि फोनला वायरनं कुठलाही साधा स्पीकर जोडायचा. झाला तुमचा मल्टी-रूम स्पीकर. आवाज घरातल्या घरात राउटरवरून फिरतो, इंटरनेट लागत नाही. आपल्याकडं ही गोष्ट फार कामाची आहे. नेट दिवसभर गेलेलं असलं तरी रेकॉर्ड वाजते. लाइट गेली तर मात्र राउटर आणि टर्नटेबल दोन्ही इन्व्हर्टरवर पाहिजेत. जाड भिंतींच्या जुन्या घरात राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही, २.४ वर ठेवा.

यातली खरी गंमत आहे वेळेची. प्रत्येक फोन, प्रत्येक स्पीकर आपापल्या घड्याळावर चालतो आणि ती घड्याळं किंचित मागे-पुढे असतात. वायफायवर आवाजाची पाकिटंही कधी लवकर, कधी उशिरा येतात. समजा हॉलमधला स्पीकर आतल्यापेक्षा ६० मिलिसेकंद पुढं गेला. बोलण्यात ते थोडं घुमल्यासारखं वाटेल. पण केसरबाईंची तान सेकंदाला आठ स्वरांनी चाललीय असं धरा, म्हणजे एक स्वर सव्वाशे मिलिसेकंदांचा. ६० चा फरक पडला की एका खोलीतला स्वर दुसऱ्या खोलीतल्या स्वराच्या मधोमध येऊन आदळतो. दाणेदार तानेचा चिखल होतो. म्हणून सगळ्या स्पीकरांना आधी एका घड्याळावर आणावं लागतं. मग प्रत्येक तुकड्यावर तो कधी वाजवायचा याची वेळ लिहून पाठवायची, आणि सगळ्यांनी थोडं थांबून ठरल्या क्षणी वाजवायचं. स्नॅपकास्ट हे थांबणं मुळात एक सेकंदाचं ठेवतं. त्यामुळं सुई उचलली तरी घरात गाणं आणखी सेकंदभर चालू राहतं. पहिल्यांदा दचकायला होतं. ते बिघडलेलं नाही, तसंच असतं.

दोन बारीक गोष्टी. स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर ठेवू नका, त्याची थरथर सुईत शिरते आणि परत स्पीकरमधून येते. आणि केसरबाईंची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, तेव्हा सेटिंगमध्ये डावा-उजवा एकत्र करून टाका. गाणं जसंच्या तसं राहतं, खाचेच्या वर-खाली होण्यातून येणारी खरखर बरीच कमी होते.

कशाला घरभर?

हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. ज्या बाईंनी आयुष्यभर समोर बसून ऐकणाऱ्यांसाठी गायलं, त्यांना स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीसोबत वाजवायचं का? माझं मत, नको. शहाबादी फरशी आणि रिकाम्या भिंतींच्या आपल्या खोल्या आधीच घुमतात, तीन खोल्यांत मोठ्यानं लावलं की शब्द-स्वर काही कळत नाही. पण आमची आजी आतल्या खोलीत पलंगावर असते, गुडघ्यांमुळं हॉलमध्ये येऊन बसणं तिला जमत नाही. तिच्या उशाशी एक छोटा स्पीकर, हॉलमध्ये एक, बाकी सगळे बंद. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप मला वसूल वाटला.

सोन्याची तबकडी

केसरबाईंचं नाव तोवर देशभर झालं होतं. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचं गाणं आवडायचं. १९४८ मध्ये कोलकात्याच्या संगीतप्रेमींच्या एका संस्थेनं त्यांना सूरश्री ही पदवी दिली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं त्यांना राज्य गायिका म्हणून गौरवलं. शिकवण्यातही हात आखडता. त्यांची शिष्या म्हणून नाव घेतलं जातं ते धोंडूताई कुलकर्णी यांचं.

मग १९७७ आलं. नासाची व्हॉयेजर १ आणि २ ही याने गुरू-शनीकडं निघणार होती आणि पुढं सूर्यमालेबाहेर जाणार होती. त्यांच्यासोबत पृथ्वीची ओळख म्हणून एक रेकॉर्ड पाठवायची ठरली. कार्ल सेगन यांच्या गटाकडं काम होतं, वेळ थोडा. भारतीय संगीतासाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकानं केसरबाईंची भैरवी सुचवली, जात कहाँ हो. रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. फ्रीज-मिक्सर विकणाऱ्या दुकानानं भारतीय शास्त्रीय संगीताची अंतराळात लाज राखली असं म्हणायला हरकत नाही.

तबकडीवर नव्वद मिनिटांचं संगीत आहे, सत्तावीस तुकडे, केसरबाई पंचविसाव्या. साडेतीन मिनिटं. त्याशिवाय पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यात मराठीही. एवढं मावावं म्हणून ती मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांवर कापलीय, आपल्या एलपीच्या निम्म्या वेगावर. सोबत कार्ट्रिज आणि सुई दिलीय आणि झाकणावर ती कशी ठेवायची याचं चित्र कोरलंय. पण वेग कसा सांगायचा? तिकडं आपले मिनिट-सेकंद कोणाला माहीत असणार! म्हणून हायड्रोजनच्या अणूत होणाऱ्या एका बदलाचा काळ हे माप धरलं आणि एका फेऱ्याला लागणारे ३.६ सेकंद त्या मापात लिहिले. हायड्रोजन विश्वात सगळीकडं सारखा. आधी घड्याळ जुळवायचं, मग वाजवायचं, हे तिथंही आलंच.

व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई मुंबईत गेल्या. वय पंच्याऐंशी. ऑगस्ट २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडून तारकांमधल्या अवकाशात शिरलं. आज ते २,४०० कोटी किलोमीटरच्या पुढं आहे. त्याचा ट्रान्समीटर साधारण २३ वॅटचा, घरातल्या एखाद्या एलईडी ट्यूबएवढा, आणि त्याचा सिग्नल प्रकाशाच्या वेगानं यायलाही जवळपास एक दिवस लागतो. आपण एक सेकंदाच्या उशिरावर कुरकुरतो.

२०१७ मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्सनं ही सोन्याची तबकडी तीन व्हिनाइल एलपींच्या संचात काढली, त्यात ही भैरवी आहे. संच परदेशातून मागवावा लागतो, स्वस्त नाही. त्यापेक्षा केसरबाईंच्या जुन्या एचएमव्ही एलपी मुंबईच्या चोर बाजारात किंवा जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्यांकडं शोधा. घेताना तबकडी उजेडात तिरपी धरा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडून द्या. लेबलवर वेग वाचा. ३३ असेल तर तुमच्या नेहमीच्या सुईवर चालेल, ७८ असेल तर जाड सुई आल्याशिवाय वाजवू नका. घरी आणली की कडेनं धरून डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडानं पुसा, खाचांच्या दिशेनं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख त्यात विरघळते.